दागिने कोणाचे होते?

१९१२ च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला निघाले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पदरी मुले होती. छापखान्यातली भागीदारी मोडली होती, मध्यंतरी डोळ्यांचे दुखणे इतके बळावले होते की काही काळ दिसेनासे झाले होते. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सिनेमाचे तंत्र शिकायला चालला होता आणि ओळखीच्या बहुतेकांना ते खूळ वाटत होते. परत आल्यावर पैसा पुन्हा कमी पडला, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला हलवले.

नाशिकच्या कॉलेजांत उद्योजकतेवर भाषण असले की ही गोष्ट हमखास सांगितली जाते. फाळक्यांनी सर्वस्व पणाला लावले, तुम्हीही लावा, असा तिचा रोख असतो. सरस्वतीबाईंचे दागिने त्यात एका वाक्यात येऊन जातात. खरे तर त्या दागिने देऊन बाजूला झाल्या नव्हत्या. दिवसभर उन्हात पांढरी चादर धरून त्या पात्रांवर उजेड पाडत, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत आणि रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडत बसत. नवरा काय करतो आहे, त्यात किती पैसा जातो आहे आणि तो बुडू शकतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या जोखमीत त्या जाणून उतरल्या होत्या.

गंगापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा जेवताना सांगतो की कॉलेज सोडून स्टार्टअप पूर्णवेळ करायचा आहे. मग वाद होतो तो त्याच्या धैर्याचा आणि वडिलांच्या भीतीचा. डिग्रीला आता काय किंमत आहे, असे एक बाजू म्हणते. डिग्रीशिवाय काय किंमत आहे, असे दुसरी. हे बुडाले तर कोणाचे बुडेल आणि त्या माणसाला आज विचारले आहे का, हा नैतिक प्रश्न मात्र क्वचितच ताटाजवळ येतो. शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. फी निफाडच्या द्राक्षबागेतून आलेली असेल, तर ती एका गारपिटीच्या अंतरावर असते. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव ‘सहा महिन्यांसाठी’ मोडली जाते. मुलाचे धैर्य खरे असते, पण त्याची किंमत अनेकदा दुसऱ्याच्या खात्यातून जाते.

अमेरिकेतून येणाऱ्या गोष्टींत हे खाते दिसत नाही. बिल गेट्स यांनी १९७५ साली हार्वर्ड सोडले, हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहे. ते रीतसर रजा घेऊन बाहेर पडले होते आणि वडील सिएटलमधले नामांकित वकील होते, हे फारसे कोणी सांगत नाही. कंपनी बुडाली असती तर ते पुन्हा वर्गात जाऊन बसू शकले असते. गुंतवणूकदार पीटर थील यांनी २०११ पासून कॉलेज सोडणाऱ्या तरुणांना दोन वर्षांसाठी एक लाख डॉलरची फेलोशिप देऊ केली. ‘ओयो’च्या रितेश अग्रवाल यांना ती २०१३ साली मिळाली. त्या योजनेबद्दल मतभेद असतील, पण निदान तिथे जोखमीचा पैसा तो पेलू शकणाऱ्या माणसाचा होता.

शिवाय घाई कशाची आहे? पिएर अझुले आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी सुरू करतानाचे सरासरी वय ४५ निघाले. फाळक्यांचा पहिला चित्रपट लागला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट केले होते, बडोद्याचे कलाभवन केले होते, छायाचित्रण केले होते, पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली होती आणि छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीलाही जाऊन आले होते. कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर यातले बहुतेक सारे कामी आले.

याचा अर्थ डिग्री माणसाला वाचवते, असा मात्र कोणी काढू नये. नाशिकजवळच्या आडगावचे विलास शिंदे यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम. टेक. केले, तेही सुवर्णपदकासह. नोकरी न धरता ते घरच्या शेतीत उतरले आणि पुढची काही वर्षे जवळजवळ प्रत्येक प्रयोगात तोटा झाला. कर्ज पाऊण कोटीपर्यंत चढले. २००४ च्या सुमारास थोड्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षे पाठवायला सुरुवात केली, जम बसत आला आणि २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने युरोपातून माल नाकारला जाऊ लागला. वेलीची वाढ रोखण्यासाठी हे संजीवक इथे सर्रास वापरले जात होते. शिंदे यांनाही कोट्यवधींचा फटका बसला. ज्यांची द्राक्षे बोटीवर चढवली होती, त्या शेतकऱ्यांची देणी त्यांनी स्वतःवर घेतली.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते या स्तंभाच्या विषयाशी अगदी थेट भिडते. नाशिकजवळ मोहाडीला ‘सह्याद्री’ उभी राहिली ती शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून, म्हणजे ज्यांचा माल, त्यांचेच भागभांडवल. कंपनी कायद्यात या प्रकाराची सोय २००२ च्या दुरुस्तीने झाली होती. शेतकऱ्याचा जीव ज्या व्यवहारात टांगणीला लागतो, त्या व्यवहारात त्याला नुसता पुरवठादार न ठेवता मालक केले. मोहाडीच्या कारखान्याची भव्यता पाहायला दूरदूरचे लोक येतात. त्या भव्यतेपेक्षा भागधारकांची यादी अधिक मोलाची आहे. ज्याचे बुडणार आहे त्याला निर्णयात जागा हवी, हे एका उद्योजकाने तिथे कागदावर उतरवले.

घरातही असा व्यवहार चोख होऊ शकतो. ‘क्विक हील’च्या काटकर बंधूंचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. मूळ सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. पुढे स्वतःचे दुकान काढले, पण धाकट्या संजयने शिक्षण सोडता कामा नये, ते संगणकाचेच घ्यावे, असा आग्रह धरला. संजय यांनी मॉडर्न कॉलेजात शिकत असताना व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली, ते भावाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांसाठी. २०१६ साली त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. एकाच घरात एकाने शिक्षण सोडले, दुसऱ्याने पुरे केले आणि दोघांनाही कोणी कोणासाठी काय केले याचा हिशेब ठाऊक होता.

हा हिशेब उलट बाजूनेही मांडायला हवा. मुलगा आईवडिलांचा पैसा वापरतो, तसे आईवडीलही मुलाची वर्षे वापरतात. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणताना पुष्कळदा नातेवाइकांत काय सांगायचे, ही चिंता बोलत असते. राहिलेले विषय आणि वाया गेलेली वर्षे (एटीकेटी, वायडी) यांच्या फेऱ्यांत अडकलेला, वर्गात मन नसलेला मुलगा केवळ घराची इभ्रत राखण्यासाठी चार-पाच वर्षे देतो, तेव्हा गहाण त्याची उमेद पडलेली असते. वडिलांनी ही किंमत मोकळेपणाने मान्य करावी, तरच मुलाकडून फीचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यांना उरतो.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न निराळाच होतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. पण कॉलेज ही अनेक मुलींसाठी केवळ शिकण्याची जागा नाही, ती घराबाहेर पडायची परवानगी आहे. ‘स्टार्टअपसाठी शिक्षण थांबवते’ असे तिने म्हटले की कित्येक घरांत तिचे शिक्षण तेवढे थांबते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. तिला बेधडक कॉलेज सोडायचा सल्ला देणाऱ्याने ती कुठल्या घरात परतणार आहे, हे आधी विचारावे. तिच्यासाठी डिग्री हातात ठेवून काम वाढवणे हाच अनेकदा अधिक धीट मार्ग असतो.

कॉलेज आणि काम यांत निवड करावीच लागते, हे तरी किती खरे आहे? नाशिकचेच एक उदाहरण पाहा. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथल्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. पुढच्या, २०१५ च्या कुंभमेळ्याआधी मूळचे नाशिकचे आणि ‘एमआयटी’त संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरू लागले. विद्यार्थी, डॉक्टर, पोलिस, महापालिकेची माणसे एकत्र बसून शहराच्या अडचणींवर काम करत. त्यातून शाळकरी वयाच्या नीलय कुलकर्णीने सहकाऱ्यांबरोबर ‘अशिओतो’ ही चटई तयार केली. तिच्यावरून चालणाऱ्यांची पावले मोजून गर्दीचा ओघ कळत असे आणि ती २०१५ च्या मेळ्यात प्रत्यक्ष वापरली गेली. पुढे ‘टेड’च्या व्यासपीठावरून त्याने ही हकिकत जगाला सांगितली. त्या मुलापुढे शहराचा एक जुना घाव होता, आणि आधाराला मोठी माणसे, यंत्रणा आणि शाळा होती.

परतीची वाट मोकळी ठेवण्याची सोयही आज कागदावर आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ साली विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी आखलेल्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात विद्यार्थ्याला सत्राचा किंवा वर्षाचा खंड घेऊन पुन्हा प्रवेश देण्याची आणि हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसू देण्याची मुभा संस्थांना दिली आहे. २०२१ च्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये कमावलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. काम करता करता शिकण्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नाशिकच्याच वेशीवर, गोवर्धनला आहे. तरीही घराघरांतला वाद ‘सोडू की नको’ एवढ्यावरच अडतो, कारण या सोयी मुलांपर्यंत पोचत नाहीत. पोचल्या तरी त्या मागणे म्हणजे कमकुवतपणा, अशी समजूत असते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गर्दी, पाणी, कचरा, आरोग्य यांवर काही करू पाहणारी मुले नाशिकच्या कॉलेजांत असणारच, आणि ऐन पर्वणीच्या काळात त्यांचे सत्र बुडेल हे आजच दिसते. प्रत्येक कॉलेजने अशा मुलांसाठी रजेचा आणि पुनःप्रवेशाचा अर्ज आत्ताच काढावा. त्यात कामाच्या वर्णनाखाली आणखी दोन रकाने असावेत: या वर्षभराचा खर्च कोण करणार आहे आणि त्याच्याशी बोलणे झाले आहे का. दुसऱ्या रकान्यासमोर मुलाची नव्हे, त्या माणसाची सही घ्यावी.