न जाळता पेरणं

पुराना किल्ल्यापाशी आलं की इथेच इंद्रप्रस्थ होतं, असं दिल्लीकर कौतुकाने सांगतात. शेजारचं खांडववन कसं जळालं, हे मात्र कोणी काढत नाही. अग्नीला वन खायचं होतं, म्हणून कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी पहाऱ्याला उभे राहिले आणि जो जीव बाहेर पळाला त्याला त्यांनी मारलं. वाचले फक्त सहा : तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी या आगीमागची जमिनीची हाव उघडी करून दाखवली आहे. मी संस्कृत शिकवायचे तेव्हा हा भाग आला की वर्ग गप्प व्हायचा. मग कोणीतरी विचारायचंच : जमीन आपली करायची, तर तिच्यावर आधी जे आहे ते संपवावंच लागतं का?

महाभारतातच याचं उत्तर आहे, आणि ते एका मांसविक्याने दिलं आहे. मिथिलेचा धर्मव्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला सांगतो की नांगर धरणारा मातीतले असंख्य जीव मारतो, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, अहिंसेला वाहिलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच. इथवर ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं. हिंसा टळतच नाही ना, मग झालं! पण व्याध पुढे म्हणतो, यत्न केला तर ती कमी होते. अख्ख्या व्याधगीतेत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

तो यत्न कसा दिसतो, हे मी गेल्या नोव्हेंबरात पानिपत जिल्ह्यातल्या एका गावात पाहिलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या ताऊजींचं, म्हणजे थोरल्या काकांचं, शेत. कंबाइनने भात कापून नेलेला, गुडघ्याला लागतील असे खुंट उभे, मध्ये पेंढ्याचे पट्टे. अशा रानात साधं पेरणीयंत्र घातलं की पेंढा फणांत अडकतो आणि सगळं तुंबतं. गव्हाची पेरणी तर दोन-तीन आठवड्यांत उरकायची असते. २००९च्या कायद्याने भूजल वाचवण्यासाठी भाताची लावणी जूनच्या मध्यावर ढकलली, त्यामुळे कापणीही लांबली. मग काडी ओढली जाते. आमच्या वाळव्याकडे ऊस तुटला की फडातलं पाचट असंच पेटवतात, त्यामुळे पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला दुष्ट ठरवणारी भाषा मला सोसत नाही.

ताऊजींनी भाड्याने आणलं होतं ‘हॅपी सीडर’. लुधियानाचं कृषी विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ यांनी या शतकाच्या सुरुवातीला मिळून घडवलेलं यंत्र. दव सुकेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो, कारण ओला पेंढा याही यंत्राला झेपत नाही. मग ट्रॅक्टर सुरू झाला. प्रत्येक फणाच्या पुढे फिरणारी पाती तेवढ्याच अरुंद पट्टीतला पेंढा छाटत होती. फण मातीत एक चीर पाडायचा, तीत बी आणि खत पडायचं, आणि छाटलेला पेंढा मागे आच्छादन होऊन पसरायचा. नांगरट नाही, आग नाही. मी वाकून पेंढा बाजूला सारला. खाली ओल होती, आणि एक गांडूळ अंग आखडून घेत होतं.

या यंत्राच्या पुष्कळ आधी, १८७६ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियात रिचर्ड स्मिथने बुंध्यांवरून उडी मारणारा नांगर केला होता. मॅली झुडपांची मुळं उपटता उपटेनात, तेव्हा त्याने फाळच बिजागरीवर बसवला. खुंट लागला की फाळ वर उचलला जायचा, पुढे गेला की वजनाने पुन्हा मातीत शिरायचा. या नांगराला मी अहिंसक म्हणणार नाही. वरची झाडी आधी लोळवून जाळलेलीच असायची, आणि ती भूमी तिथल्या मूळ रहिवाशांची होती. पण अडथळा मोडण्याऐवजी अवजाराने स्वतः वाकावं, हा विचार त्या बिजागरीत आहे.

पेंढा राखला की त्यासोबत नको असलेलेही राहतात. ताऊजी म्हणाले, उंदीर वाढतात, गुलाबी खोडकिडाही येतो, मग फिरून पाहावं लागतं. आग कोणाला निवडून मारत नाही म्हणूनच ती सोपी असते. यत्नाला रोज शेतात जावं लागतं, आणि त्यात कधी मारावंही लागतं.

हा यत्न कोणी करायचा? पाच एकरांच्या वर जमीन असलेल्याने पराली, म्हणजे शेतातला पेंढा, जाळली तर २०२४पासून ३०,००० रुपये दंड आहे. यंत्रासाठी २०१८पासून अनुदानही आहे, एकट्या शेतकऱ्याला निम्मं, गटाला ८० टक्के. तरीही ताकदवान ट्रॅक्टर, भाडं आणि उंदरांचा घोर शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो. धूर नाकात गेला की आम्ही दिल्लीकर चिडतो, आणि त्याच शेतातला गहू खातो. व्याधाने यत्न सांगितला तो कौशिकाला, म्हणजे शेती न करता जेवणाऱ्याला. न जाळलेल्या शेतातल्या गव्हाचं पीठ वेगळी खूण करून दुकानात यावं, आणि वाढीव दर थेट त्या शेतकऱ्याला मिळावा. किलोमागे पाच रुपये जास्त द्यायला मी आजही तयार आहे.