व्यायामांतील वेळेचा हिशेब

व्यायामास किती वेळ द्यावा हा प्रश्न वैद्यकाचा आहे, नीतिशास्त्राचा नाहीं, असें आमचें अगदीं परवांपर्यंत मत होतें. गेल्या वर्षीं आमच्या रक्तांतील साखर मर्यादेबाहेर गेल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि पंचावन्नाव्या वर्षीं आम्हांस गंगापूर रस्त्यावरील एका व्यायामगृहाची, म्हणजे हल्लीच्या भाषेंत जिमची, पायरी चढावी लागली. तेथील तरुण शिक्षकानें आमची विचारपूस केली आणि सांगितलें, "सर, आठवड्यांतून तीन दिवस, दर खेपेस पंचवीस मिनिटें. तेवढें तुम्हांला पुरे." हें ऐकून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. तो न होतां थोडासा रागच आला. सबंध वर्षाचा अभ्यासक्रम कोणी दहा पानांच्या गाईडांत बसवून आमच्यापुढें ठेवावा, तसें कांहींसें वाटलें.

या रागाचें मूळ शोधूं लागलों तेव्हां तें जुन्या नाशकांतील एका तालमींत सांपडलें. लहानपणीं आम्ही तेथें पहांटे जात असूं. खरी अंगमेहनत अर्ध्या-पाऊण तासाची. पण घरीं परतावयास दोन तास लागत. हौद्यांतील माती फावड्यानें उकरावयाची, तिच्यांत ताक, तेल व हळद घालून ती मऊ करावयाची, मल्लखांबापाशीं आपली पाळी येईपर्यंत उकिडवें बसून राहावयाचें, आणि वस्ताद दुसऱ्या मुलावर ओरडत असतां त्यांतून आपली चूक ओळखावयाची. हिशेबी मनुष्य म्हणेल कीं दोन तासांतला सव्वा तास वायां गेला. आज त्या तालमींतले जोर-बैठकांचे आंकडे आम्हांस आठवत नाहींत. तो वायां गेलेला सव्वा तास मात्र आठवतो.

आमच्या तरुण शिक्षकाचें शास्त्र कच्चें नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. २०२१ साली नॉर्वेंतील संशोधकांनीं 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकांत या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. ज्यास वेळ थोडा आहे त्यानें प्रत्येक स्नायूसाठीं स्वतंत्र व्यायाम करीत बसूं नये. पायांचा एक, हातांनीं ढकलण्याचा एक व ओढण्याचा एक, असे अनेक सांध्यांना एकदम राबविणारे तीन प्रकार निवडावे. आणि प्रत्येक स्नायुसमूहास आठवड्यांत निदान चार फेरे मिळाले म्हणजे काम भागतें, असा त्यांचा सल्ला आहे. शिवाय दोन विरुद्ध व्यायाम जोडीनें करावे. छाती विसावा घेत असतां पाठीनें काम करावें, म्हणजे मधला रिकामा वेळ उरतच नाहीं. अशा युक्त्यांनीं लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. याच्याही पुढें गेलें तर जपानांतील इझुमी ताबाता यांचा १९९६ सालचा प्रयोग आहे. वीस सेकंद जीव तोडून श्रम, दहा सेकंद विसावा, असे सात-आठ फेरे. सारा खेळ चार मिनिटांचा. माणसाचा दमही त्यानें वाढतो आणि थोडा वेळ जोराचें काम करण्याची ताकदही वाढते. अर्थात् हीं चार मिनिटें ज्यानें भोगलीं आहेत तो त्यांना थोडीं म्हणणार नाहीं.

वेळ वांचविण्याची ही हांव आजचीच आहे, असेंही नाहीं. डेन्मार्कच्या म्यूलर यांनीं १९०४ साली आपल्या पुस्तकांत रोजच्या पंधरा मिनिटांत आरोग्याची हमी दिली होती, आणि तें पुस्तक यूरोपभर खपलें. काफ्कासारखा लेखकही खिडकी उघडी टाकून म्यूलरची कसरत करीत असे. त्याच्या कथांतील गुदमरा पाहतां ही गोष्ट आम्हांस नेहमीं गंमतीची वाटते. आपल्याकडे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं कांहीं वर्षें सँडोच्या साधनांनीं व्यायाम केला, आणि मग तीं बाजूस सारून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. आतां सूर्यनमस्कार म्हणजे तरी काय? पाठ, पोट, खांदे, दंड आणि पाय एकाच आवर्तनांत राबविणारा, साधन न लागणारा, साडेतीन हात जमिनींत मावणारा व्यायाम. नॉर्वेच्या पंडितांनीं सांगितलेल्या काटकसरीचें बरेंचसें तत्त्व त्यांत आधींच आहे. तेव्हां 'काटकसर परकी आणि सैलपणा आपला' हा आमचा पहिला युक्तिवाद येथेंच कोसळला.

पण त्याच नमस्काराचें दुसरें रूप नाशिकच्या वेशीवर आहे. टाकळीस समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तप केलें व ते रोज १२०० नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. एका नमस्कारास दहा सेकंद धरले तरी हे तीन तास वीस मिनिटें होतात. शरीर कमावण्यास इतक्यांची गरज नाहीं, हें आमचा शिक्षक चटकन् सांगेल, आणि तें बरोबरही असेल. पण समर्थांना कोणी "हेच फळ पंचवीस मिनिटांत मिळतें" असें सांगितलें असतें, तर त्यांनीं काय केलें असतें? आम्हांस वाटतें, त्यांना तो प्रश्नच कळला नसता. ॲरिस्टॉटलनें क्रियांचे दोन वर्ग केले आहेत. घर बांधणें ही क्रिया घर पुरें झालें कीं संपते. ती जितकी लवकर संपेल तितकी बरी. पाहणें ही क्रिया मात्र प्रत्येक क्षणीं पुरीच असते. ती 'लवकर आटोपली' असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. टाकळीचा नमस्कार या दुसऱ्या वर्गांतला, आमच्या साखरेवरचा व्यायाम पहिल्या वर्गांतला. एकास औषधाचा न्याय लावावा, दुसऱ्यास लावूं नये.

हा विवेक आम्हांस इतका आवडला कीं तो आम्हीं रात्रीं जेवतांना पत्नीस ऐकविला. तालमींतला सव्वा तास दुसऱ्या वर्गांतला कसा, आणि आजची पिढी तो कसा गमावून बसली, हेंही सांगितलें. ती शाळेंत शिकविते. तीस वर्षें घर आणि नोकरी दोन्ही सांभाळीत आली आहे. ती म्हणाली, "अहो, तुमच्या तालमीला दोन तास होते, कारण त्या वेळीं घरीं बंब पेटविणारें दुसरें कोणी होतें. आईंना किती मिनिटें मिळत होतीं?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या आईचे गुडघे साठीच्या आंतच गेले. शेवटचीं वर्षें तिनें खुर्चीवर काढलीं, आणि तें वयाचें फळ म्हणून आम्हीं सर्वांनीं मानून घेतलें. ज्या ॲरिस्टॉटलचा दाखला आम्ही देत होतों, त्याच्या नागरिकाचा निवांतपणाही गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि तसा तो असावा याबद्दल त्याला संकोच नव्हता. निवांतपणाचें तत्त्वज्ञान सांगणाऱ्यानें आपला निवांतपणा कोणाच्या वेळांतून आला हें आधीं पाहावें. आम्हीं पाहिलें नव्हतें. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीनें काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे. आठवड्याआठवड्यास त्याची झोपेची वेळ बदलते. त्याला दोन तासांच्या तालमीचा महिमा सांगणें म्हणजे व्यायाम करूं नकोस असें सभ्य भाषेंत सांगणेंच होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० साली प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम किंवा त्याच्या निम्मीं मिनिटें जोराचे श्रम सांगितले, आणि सलग दहा मिनिटें झालींच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली. पायऱ्यांचा एक जिनाही आतां हिशेबांत धरला जातो. या छोट्याशा दुरुस्तीनें किती घरांतील किती स्त्रियांस व्यायामाचा दरवाजा उघडला, याचा विचार आम्हीं तोंवर केला नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून ती आमच्याबरोबर येऊं लागली. पंचवीस मिनिटें झालीं कीं ती घड्याळ पाहून निघे. उरलेल्या वेळांत डबे भरावयाचे असत. (त्यांतला एक डबा आतां आम्ही भरतों, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.)

तरीसुद्धां आमच्या पहिल्या रागांत थोडें तथ्य होतें, असें आम्हांस अद्याप वाटतें. तिसऱ्या महिन्यांत मिनिटें वांचविण्याच्या भरांत आम्हीं दोन व्यायामांमधील विसावा आपल्याच मनानें आणखी कापला, दमलेल्या हातांनीं वजन डोक्यावर नेलें आणि उजवा खांदा दुखावून घेतला. दोष शिक्षकाचा नव्हता. जोडीनें व्यायाम करावयाचा तो विरुद्ध स्नायूंचा. आम्हीं एकाच खांद्यास दोनदां राबविलें होतें. तालमींत हें घडलें नसतें. तेथें पाळी येईपर्यंत थांबावेंच लागे, आणि त्या थांबण्यांत शरीर विसावे व डोळे शिकत. येथें विसाव्याच्या वेळीं प्रत्येकाच्या कानांत यंत्र, नजर मनगटावर. शेजारच्याची पाठ वांकली आहे हें कोणी पाहत नाहीं, म्हणून कोणी कोणास सांगतही नाहीं. करण्याचा वेळ निम्म्यावर आणतां येतो, शिकण्याचा येत नाहीं, आणि दोन्ही एकाच घड्याळांत मोजले कीं दुसरा नकळत कापला जातो. शिक्षकास हें आम्हीं बोलून दाखविलें. त्यानें आतां नवीन येणाऱ्यांस पहिला महिनाभर घड्याळाशिवाय शिकवावयास आरंभ केला आहे. तें आमच्या सांगण्यामुळें कीं आमच्या खांद्यामुळें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

वैशाखांत, चैत्राच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघें सप्तशृंगीच्या गडावर गेलों. मल्लखांबास नवें रूप देणारे, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांना याच गडावर दृष्टांत झाला, अशी कथा सांगतात. तालमींत वस्तादांनीं ती आम्हांस अनेकदां ऐकविली होती. २०१८ पासून गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली आहे. पायऱ्यांची वाट तीन-चार मिनिटांत संपते. खांद्याचें निमित्त पुढें करून आम्हीं ट्रॉलीचें तिकीट काढलें. पत्नी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढें," आणि पदर खोंचून सुमारें पांचशें पायऱ्यांच्या वाटेला लागली. वर पोंचल्यावर आम्ही कठड्यापाशीं उभे राहून तिची वाट पाहूं लागलों. ती मध्यें मध्यें थांबत होती, एका म्हाताऱ्या बाईशीं बोलत होती, तिची पिशवी हातांत घेऊन पुन्हां चढत होती. आम्हीं दोनदां घड्याळ पाहिलें.