विळ्याच्या आकाराचं रक्त

दिवाळीच्या सुमारास भंडाऱ्यातल्या एकोडीच्या शिवारात हलक्या धानाची कापणी सुरू असते. बांधीतला चिखल वाळत आलेला असतो, कडपा उन्हात पसरलेल्या असतात, आणि धुऱ्यावरून चालताना विळ्यांची खरखर सोबत करते. अशाच एका बांधीत एक म्हातारबाबा कापणाऱ्यांच्या पुढे चालत बियाण्यासाठी लोंब्या निवडत होते. भरलेली लोंबी तेवढी घ्यायची, पोचट दिसली की सोडायची. त्यांचा नातू धुऱ्यावर बसून होता. वय बारा, दिसायला आठ-नऊचा, डोळे पिवळसर. त्याला सिकलसेल आहे, ‘एसएस’. त्याची आई कापता कापता थांबली आणि तिनं विचारलं, “नागपूरले पोटातल्या लेकराचंही रगत तपासते म्हणते. खरं हाय का जी?” तिला पुन्हा दिवस गेले होते.

खरं आहे. पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांना हा आजार ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं, आणि गोल, लवचीक असायच्या त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांतून कळा येतात. आई-वडील दोघंही ‘एएस’, म्हणजे वाहक, असले तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल ‘एसएस’ निघण्याची. सासऱ्याच्या हातातल्या लोंब्या आणि सुनेचा तो प्रश्न एकाच बांधीत होते, म्हणूनच या दोन्ही निवडींबद्दल कॅथलिक विचार काय म्हणतो, यावर हा लेख लिहावासा वाटला.

निवड हा शेतीचा प्राण आहे. इथून जवळच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या, आणि त्यातून एचएमटी धान आलं. आनुवंशिकतेचं शास्त्र तर एका मठाच्या बागेतच उगवलं. वाटाण्यावर प्रयोग करणारे ग्रेगोर मेंडेल हे कॅथलिक संन्यासी होते. रोपांच्या निवडीचं चर्चला कधीच वावडं नव्हतं. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रातही जनुकबदल केलेल्या धान्याला सरसकट नकार नाही. त्यातली काळजी वेगळी आहे: जमीन आणि बियाणं मूठभरांच्या हाती जातं, आणि लहान शेतकरी मजूर होतो. ही काळजी भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

पण हीच निवड गर्भाशयाच्या दारात आली की कॅथलिक विचार थांबतो. हा थांबा आजचा नाही. 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अपात्र’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध मानली. 1933 मध्ये जर्मनीत तसा कायदाच झाला. या दोन घटनांच्या मधे, 1930 च्या अखेरीस, पोप पायस अकरावे यांनी ‘कास्ती कॉन्नुबी’ या पत्रात लिहिलं की सदोष संतती होण्याची भीती असेल तर त्या माणसांना लग्नापासून परावृत्त करायला हरकत नाही, पण सरकारने त्यांना लग्नाची बंदी करू नये, त्यांच्या शरीराला हात लावू नये. भल्याभल्या सुशिक्षितांना वंशशुद्धी म्हणजे विज्ञान वाटत होतं, त्या काळातली ही भूमिका आहे. लग्नाआधी दोघांच्या सिकलसेल कार्डांचा मेळ घाला, असं आपल्याकडे आरोग्य कर्मचारी सांगतात. ते या भूमिकेत सहज बसतं.

पुढे 1987 च्या ‘दोनुम वीते’ या चर्चच्या दस्तऐवजाने गर्भातल्या तपासणीबद्दल भेद केला: उपचारासाठी तपासा, पण आजार निघाला तर गर्भच नको असं आधीच ठरवून तपासू नका. पूर्वी मला हा निव्वळ धार्मिक हट्ट वाटे. आता वाटत नाही, कारण महाराष्ट्राने गर्भातली निवड पाहिली आहे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. कोण जन्मावं हे ठरवायची सोय हाती आली तेव्हा आपण मुलींचं काय केलं, ते आपल्यापासून लपलेलं नाही. अर्थात मुलगी असणं हा आजार नाही आणि सिकलसेलच्या कळा खऱ्या आहेत. दोन्ही एका मापाने मोजणं त्या आईवर अन्याय ठरेल.

जनुकं कापून बदलणारी कात्री हाती आल्यावर हा भेद आणखी उजळला. 2018 मध्ये चीनच्या ह च्यानख्वे यांनी भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं आणि जग हादरलं. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने त्याच कात्रीवर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, दुरुस्त करून परत देतात. 2008 च्या ‘दिग्नितास पर्सोने’ या चर्चच्याच दस्तऐवजाच्या कसोटीवर हा दुसरा मार्ग तत्त्वतः मान्य ठरतो, पहिला नाही. समोरचा रुग्ण बरा करायचा, त्याला वगळायचं नाही. मला ही रेषा पटते.

त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत मात्र तेव्हा 22 लाख डॉलर होती, म्हणजे अठरा कोटींच्या वर रुपये.

माझं भांडण इथे आहे. जीवनाचं पावित्र्य आणि गरिबांना अग्रक्रम, या दोन्ही गोष्टी कॅथलिक विचारात आहेत आणि दोन्ही मनापासून मांडलेल्या आहेत. पण गर्भाची चर्चा निघाली की पहिलीचाच आवाज मोठा होतो. एकोडीत त्या वेगळ्या काढताच येत नाहीत. लेकरू येऊ द्या म्हणणाऱ्याने त्याच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांची, ऐन कळांच्या रात्री दवाखान्यापर्यंतच्या गाडीची आणि बुडालेल्या मजुरीचीही हमी द्यायला हवी. ती नसेल तर तो उपदेश एका बाईच्या एकटीच्या खांद्यावर टाकलेलं ओझं होतो. आपल्या कायद्याने तिला निर्णयाची वाट ठेवली आहे. ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही.

मी तिला तपासणी कुठे आणि साधारण कोणत्या आठवड्यात होते ते सांगितलं, चारांतला एक सांगितला. तिनं विळा कमरेला खोवला, धुऱ्यावरच्या पोराकडे पाहिलं. “हा हाय म्हणून घरात हासणं हाय जी,” ती म्हणाली. “पण पाय दुखते तं रातभर चोळत बसावं लागते. दोघाइचे संगच दुखले, तं कोनाचे चोळू?”