करिश्म्याचे वेळापत्रक

१९१६ च्या दसऱ्याची संध्याकाळ. शिर्डीची माणसे सीमोल्लंघन करून परतत होती, आणि मशिदीत साईबाबा एकाएकी भडकले. कफनी, डोक्याचे फडके, लंगोट, अंगावरचे सगळे फाडून त्यांनी धुनीत टाकले आणि तसेच उघडे उभे राहून जमलेल्यांना सुनावले की, मी हिंदू का मुसलमान ते आता तुम्हीच नीट पाहून ठरवा. पुढे जायची कुणाची छाती होईना. अखेर भागोजी शिंदे हा महारोग जडलेला भक्त धीर करून जवळ गेला आणि त्याने बाबांना लंगोट बांधला. गावाला मात्र वेगळाच घोर लागला होता. ती रात्र बाबांनी चावडीत निजायला जायची होती. मिरवणूक निघणार की नाही? ‘साईसच्चरिता’तील वर्णनानुसार अकराच्या सुमारास बाबा निवळले, त्यांनी कपडे घातले आणि मिरवणूक नेहमीच्या थाटात निघाली.

या प्रसंगातला संताप सगळ्यांच्या लक्षात राहतो. अकरा वाजता निघालेल्या मिरवणुकीकडे फारसे कुणी पाहत नाही. धर्मातल्या करिश्म्याचा अभ्यास करणाऱ्याने खरे तर तिथेच थांबायला हवे.

करिश्मा ही कल्पना समाजशास्त्रात रुजवली मॅक्स वेबरने. ती त्याने रुडॉल्फ झोम या चर्चच्या इतिहासकाराकडून उचलली. माणसे दुसऱ्याची सत्ता का मानतात, याची वेबरने तीन कारणे दिली: परंपरा, कायदा आणि करिश्मा. त्याच्या मते करिश्मा असलेला माणूस कचेरीच्या अगदी उलट. त्याला हुद्दा नाही, पगार नाही, वेळ नाही, नियम नाही. लोक त्याला मानतात, कारण त्याच्यात काही अलौकिक आहे असे त्यांना वाटते. पण ही सत्ता टिकाऊ नसते. माणूस गेला की शिष्यांपुढे प्रश्न पडतो, आता काय? मग पदे येतात, विधी येतात, हिशेबाच्या वह्या येतात आणि करिश्मा हळूहळू रोजच्या व्यवहारात जिरतो. म्हणजे वेबरचा क्रम असा: आधी विस्तव, मग राख.

शिर्डीत हा क्रम जुळत नाही.

बाबांना लोक एकेकटे गंध लावू लागले तेव्हाही त्यांचा विरोधच असे. म्हाळसापती हे जवळचे म्हणून त्यांचे चालवून घेत, एवढेच. मग १९०८-०९ च्या सुमारास सामुदायिक आरती सुरू झाली. बाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत निजत. १० डिसेंबर १९०९ पासून चावडीतही नियमाने पूजा होऊ लागली. राधाकृष्णमाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भक्त बाईंनी छत्र, चामरे, निशाणे असा सरंजाम जमवायचा चंगच बांधला. श्यामकर्ण घोडा आला, रथ आला, चांदीची पालखी आली. मिरवणुकीत भालदार-चोपदार ललकारी देऊ लागले. उत्सवमूर्ती मात्र पायीच चालत असे, एका हाताला म्हाळसापती आणि दुसऱ्या हाताला तात्या पाटील. पालखीत बाबा कधीच बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन ते ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागायला जात.

हे सगळे बाबांच्या डोळ्यांदेखत घडले. समाधीला अजून जवळजवळ नऊ वर्षे अवकाश होता. नंतर पंढरपूरच्या धर्तीवर काकड, माध्यान्ह, धूप आणि शेज अशा चार आरत्या बसवल्या गेल्या. नागपूरकर कृष्णराव जोगेश्वर भीष्म यांनी त्यांत तुकोबा, नामदेव, जनाबाईंच्या रचनांबरोबर नव्या पदांची जोड दिली. ज्या फकिराचा मूड सकाळी कसा असेल याचा भरवसा नव्हता, त्याच्याभोवती तासातासाचे वेळापत्रक उभे राहिले.

ते उभे करणारी माणसे कोण होती? नानासाहेब चांदोरकर डेप्युटी कलेक्टर. काकासाहेब दीक्षित मुंबईचे सॉलिसिटर. ‘साईसच्चरित’ ओवीबद्ध करणारे गोविंदराव दाभोलकर, ज्यांना सगळे हेमाडपंत म्हणतात, ते मॅजिस्ट्रेट. बाबांचे नाव कीर्तनातून गावोगाव नेणारे दासगणू मुळात पोलीस शिपाई. वेबर ज्या नोकरशाहीला करिश्म्याचे दुसरे टोक मानतो, तिनेच शिर्डीत करिश्म्याची पेठ वसवली. फायली, सह्या आणि तारखांच्या सवयीची ही मंडळी कोपरगाव स्टेशनवर उतरून टांग्याने शिर्डीला येत आणि भक्तीलाही तारीख-वेळ लावत. यात कुणाला ढोंग दिसेल, पण ते बरोबर नाही. आयुष्यभर नियमात राहिलेल्या माणसाला नियमाबाहेरचा कुणी भेटला, तर त्याच्यापाशी टिकून राहायला त्याला नियमाचाच आधार लागतो.

याचा हातचा पुरावा म्हणजे दादासाहेब खापर्डे यांची रोजनिशी. अमरावतीचे हे वकील, टिळकांचे निकटवर्ती, डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असे काही महिने शिर्डीत राहिले. त्यांच्या नोंदी चरित्रकाराच्या नाहीत, त्या दिवशीच्या आहेत. पहाटे उठणे, काकड आरती, बाबा बाहेर जाताना आणि परत येताना पाहणे, दुपारची आरती, रात्री शेज. बाबांची मर्जी आज प्रसन्न होती की नव्हती, हे ते नोंदतात. पण चौकट हलत नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतकी ती तीच-ती आहे, आणि म्हणूनच मोलाची. चमत्कारांच्या कथा गाळून टाकल्या तरी रोजनिशीत उरतो तो ठरलेल्या वेळी एका माणसाकडे एकत्र पाहणारा जमाव.

अनुयायांनी मान्यता दिली तरच करिश्मा असतो, हे वेबरनेही लिहून ठेवले होते. ते सूत्र पुढे मानवशास्त्रज्ञांनी ताणून धरले. क्लिफर्ड गिर्ट्झने १९७७ च्या निबंधात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, चौदाव्या शतकातला जाव्हाचा राजा हयाम वुरुक आणि मोरोक्कोचा सुलतान मुले हसन यांच्या मिरवणुका शेजारी-शेजारी ठेवल्या. त्याचा मुद्दा असा की, राजाचे तेज आधी आणि मिरवणूक नंतर, असे नसते. मिरवणूकच राजाला राजा करते. शिर्डीतल्या मशिदीपासून चावडीपर्यंतचे अंतर चार पावलांचे. तेवढ्यात छत्र, चामर, ललकारी, दारूकाम! गिर्ट्झला हे पाहायला मिळते तर आवडले असते. फरक एवढाच की इथे राजोपचार ज्याच्यावर होत होते, त्याला राज्याशी काही देणेघेणे नव्हते, आणि ते नसणे हाच त्याच्या तेजाचा मोठा भाग होता. मेघा नावाच्या गुजराती ब्राह्मण भक्ताला बाबा म्हणजे साक्षात शंकर वाटत. त्याला बाबांवर पाण्याचा अभिषेक करायचा होता. थेंबभर डोक्यावर टाक, बाकी अंग भिजवू नकोस, असे बाबांनी बजावले. त्याने भक्तीच्या भरात सगळी घागर ओतली. डोके तेवढे भिजले, कपडे कोरडे राहिले, असे चरित्र सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्यातली घासाघीस खरी वाटते. बाबा थोडेसे देत, भक्त पुष्कळ घेत.

१५ ऑक्टोबर १९१८ ला, पुन्हा दसऱ्याच्याच दिवशी, बाबा गेले. वेबरचा ‘आता काय?’ हा प्रश्न शिर्डीत आला तो अगदी जमिनीवरच्या रूपात: देह पुरायचा कुठे? मुसलमान भक्तांचे म्हणणे मोकळ्या जागेत. हिंदूंचे म्हणणे नागपूरच्या बुटींनी बांधत आणलेल्या वाड्यात, जिथे मुरलीधराची मूर्ती बसायची होती. दीड दिवस वाद चालला. कोपरगावचे मामलेदार आले, कौल घेतला गेला, आणि वाड्याच्या बाजूने दुप्पट मते पडली. संताच्या अंत्यविधीचा निकाल सरकारी अधिकाऱ्यापुढे मतमोजणीने लागल्याची उदाहरणे फार नसावीत.

गादी मात्र कुणालाच मिळाली नाही. जवळच्या साकोरीला उपासनी महाराजांची स्वतंत्र परंपरा वाढली. पुढे आंध्रात पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांनी आपण शिर्डीच्या बाबांचाच अवतार असल्याचे सांगितले. शिर्डीने यातले काही स्वीकारले नाही. वारसदारी गेली ती समाधीकडे, आणि समाधीची देखभाल गेली कागदाकडे. १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने संस्थानची योजना मंजूर केली. वेबरचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर त्याच सुमारास जर्मनीत छापला जात होता. योगायोगच, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्याच्या सिद्धांताचा हा भाग नगरच्या कोर्टात अक्षरशः लागू झाला.

या कागदाची एक बाजू अब्दुलबाबांच्या वाट्याला आली. नांदेडचे हे अब्दुल तरुणपणीच बाबांच्या सेवेला आले. त्यांनी मशिदीत झाडलोट केली, दिवे लावले, बाबांचे बोल उर्दूत वहीत टिपून ठेवले. बाबांच्या पश्चात काही काळ समाधीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. योजना मंजूर झाल्यावर अधिकार विश्वस्तांकडे गेला. अब्दुलबाबा १९५४ मध्ये वारले. त्याच वर्षी दसऱ्याला समाधीमागे बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली. वहीचे भाषांतर मेरियन वॉरेन या अभ्यासिकेने १९९९ मध्ये आपल्या पुस्तकात दिले. बाबांच्या सूफी अंगाकडे चरित्रकारांनी दुर्लक्ष केले, असे तिचे म्हणणे आहे. ते सरसकट मान्य केले नाही तरी एवढे दिसते की, काय विधीत शिरले आणि काय वहीत राहिले यावरून पुढच्या पिढ्यांना कोणते बाबा भेटणार ते ठरले. पंढरपूरची काकड आरती विधीत शिरली. उर्दू वही राहिली वहीच.

सगळेच पुसले गेले असे मात्र नाही. १८९७ मध्ये कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी मुलगा झाल्याच्या आनंदात शिर्डीत उरूस भरवला, आणि दिवस निवडला रामनवमीचा. संदलची मिरवणूक कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी सुरू केली. भीष्मांच्या सूचनेवरून त्याच दिवशी रामजन्माचे कीर्तन आले ते दीड दशकाने. तेव्हापासून दिवसा निशाणे, रात्री संदल. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरच्या म्हणण्याप्रमाणे यात्रेत माणसे आपापला दर्जा उतरवून ठेवतात आणि क्षणभर एक होतात. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या तेव्हा त्यांना ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या दिसल्या, आणि ते त्यांना खुपले. शिर्डीची रामनवमी कर्व्यांच्या अनुभवाला जवळची आहे. दोन मिरवणुका एकमेकींत मिसळत नाहीत. त्या एकाच दिवशी, एकाच मशिदीकडे, आपापल्या वेळेला येतात.

आता मूर्तीला पहाटे उठवतात, आंघोळ घालतात, दुपारी नैवेद्य दाखवतात. शेजारतीनंतर मच्छरदाणी लावतात आणि प्यायला पाण्याचा पेला ठेवतात. जिवंत बाबांना मच्छरदाणीची गरज कितपत वाटली असेल कोण जाणे. २०२० च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत कोरोनामुळे मंदिर बंद होते, तेव्हाही पुजाऱ्यांनी हा क्रम मोडला नाही. लोकांनी आरत्या पडद्यावर पाहिल्या.

या क्रमाची खरी ताकद शिर्डीबाहेर कळते. हैदराबादेत, चेन्नईत किंवा अमेरिकेतल्या साईमंदिरात गेले तर आरती मराठीतच चालते. समोरचे निम्मेअधिक लोक तेलुगू किंवा तमिळ बोलणारे; हातातल्या पुस्तिकेत मराठी शब्द त्यांच्या लिपीत छापलेले. अनेकांना शब्दांचा अर्थ लागत नाही. रॉय रॅपपोर्ट हा मानवशास्त्रज्ञ म्हणे की, विधी करणारा मनात काय मानतो हे कुणाला दिसत नाही. पण तो उभा राहिला, त्याने म्हटले, म्हणजे सगळ्यांसमक्ष त्याने स्वीकारले. तुकोबांचा शब्द तेलुगू लिपीत वाचणारी विजयवाड्याची बाई नेमके हेच करते. तिने बाबांना पाहिलेले नाही, त्यांची भाषाही तिला येत नाही. तिच्यापर्यंत बाबा पोहोचले ते भीष्मांनी लावून दिलेल्या क्रमातून.

यात माणूस उणा झाला, असे वेबर म्हणेल. पण बाबांच्या स्वभावातला मोकळेपणा आजच्या भक्ताला पूर्णपणे परका आहे, असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला बाबांचे जन्मस्थान म्हणून निधी देण्याची घोषणा झाली, तेव्हा शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. पोटापाण्याची काळजी त्यात होतीच, ती कुणी लपवलीही नाही. पण गावकऱ्यांची दुसरी हरकत अशी होती की, बाबांनी आपली जात, धर्म, गाव कधीच सांगितले नाही. मग ते आता सरकारने का ठरवावे? दुकाने, हॉटेले बंद होती. समाधी मंदिर आणि प्रसादालय उघडे होते, आणि चारही आरत्या आपापल्या वेळेला झाल्या.