प्रतिस्पर्ध्याचे ऋण

पेठेत दोन वाणी समोरासमोर बसले, की एकाचे दुकान उठावे असे दुसऱ्याला मनातून वाटतेच. त्याला फारसा दोषही देता येत नाही. तिकडचे गिऱ्हाईक इकडेच येणार. तालमीतल्या मल्लाचे तसे नाही. तोडीचा जोड मिळाला नाही, तर त्याची ताकद अंगातच जिरते आणि आखाड्याभोवती माणूस जमत नाही. मग जिथे आखाडा हेच दुकान झाले आहे, तिथे कोणत्या न्यायाने वागावे? इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या धंद्याकडे पाहताना हा प्रश्न मला पडतो.

तिथली फुटबॉल लीग १८८८ साली निघाली, ती बर्मिंगहॅमच्या विल्यम मॅकग्रेगर नावाच्या कापडदुकानदाराच्या खटपटीने. खेळाडूंना पगार देण्यास १८८५ मध्ये मान्यता मिळाली होती. पण ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत, आणि सामना नाही तर उत्पन्न नाही. तेव्हा बारा क्लबांनी ठरल्या दिवशी एकमेकांशी खेळायचेच, असा करार केला. तळाच्या चौघांनी पुन्हा निवडून यायचे, हा नियमही स्वतःवर घालून घेतला. मैदानावर एकमेकांना चीत करायला निघालेल्यांनी आधी एकमेकांच्या पोटाची काळजी वाहिली, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

पुढे पैसा वाढला. पाहुण्या संघाला तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा देण्याची रीत १९८३ मध्ये मोडली. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीतले क्लब वेगळे निघाले आणि प्रीमियर लीग जन्मली. तिचा दूरचित्रवाणीचा पहिला पाच वर्षांचा करार सुमारे ३० कोटी पौंडांचा होता. २०२५ पासूनच्या चार वर्षांचा, एकट्या ब्रिटनमधला, ६७० कोटींचा आहे. पैशाला मी नावे ठेवीत नाही. शिवाय ब्रिटनमधल्या या उत्पन्नापैकी निम्मे सर्व क्लबांना सारखे वाटले जाते. लेस्टरसारखा क्लब २०१६ मध्ये विजेता होतो, तेव्हा साऱ्या लीगचेच मोल वाढते.

पण वाटणीचा हा ओलावा खालपर्यंत पुरेसा झिरपत नाही. १८८५ साली स्थापन झालेला, इंग्लंडचा मानाचा एफ. ए. कप दोनदा जिंकलेला बरी हा क्लब पैशांच्या ओढाताणीत सापडला आणि २०१९ मध्ये लीगबाहेर काढला गेला. एका गावाचा शनिवार रिकामा झाला.

आणि एप्रिल २०२१ मध्ये युरोपातले बारा धनाढ्य क्लब एकत्र आले. बाराच, पण १८८८ च्या बारांहून किती निराळे! त्यांच्या सुपर लीगमध्ये संस्थापकांच्या जागा कायमच्या. कितीही हरले तरी बाहेर जाणे नाही. प्रेक्षकच रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली.

कोणी म्हणेल, लोक बलवानांनाच पाहायला येतात. मग कमाई त्यांनी का वाटावी? मला वाटते, लोक बलवानाला पाहायला येतात ते तो आज पडेल की काय या धाकधुकीने. ती धाकधूक त्याच्या मालकीची नाही. ती समोरचा दुबळा घेऊन येतो. पराभवाचा दरवाजा बंद केला, की त्याच दरवाजाने विजयही निघून जातो.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या मांडतो. ज्याच्याशी झुंजून आपण मोठे झालो, त्याचे नाव त्यांत कोणत्या बाजूला लिहायचे, हे एकदा मनाशी ठरवावे. मी ते देण्याच्या बाजूला लिहीन.