अनुपस्थित शेजारी

शेजारधर्माविषयीं आपल्याकडे जें कांहीं बोललें व लिहिलें गेलें आहे, त्या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, शेजारी घरीं आहे. विरजण मागावयाचें, आजारपणांत रात्रीं धांवून जावयाचें, पोरांच्या भांडणांत मध्यस्थी करावयाची, किंवा मोठ्यानें चाललेल्या गाण्याबद्दल दार ठोठावून दोन शब्द सुनवावयाचे, या सर्व व्यवहारांना दारापलीकडे माणूस लागतो. परंतु दारापलीकडे माणूस नसून केवळ त्याची वस्तु जागी असेल, तर शेजारधर्म कोणीं कोणाशीं पाळावयाचा? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्याच्या पोटांत जबाबदारी, क्रोध आणि परगृहाची मर्यादा यांविषयींचे बरेच मोठे प्रश्न दडलेले आहेत, असें आम्हांस वाटतें.

उदाहरण अगदीं साधें घेऊं. पुण्यांतील एखाद्या इमारतींतलें एक जोडपें मुलाकडे परदेशीं तीन महिन्यांसाठीं गेलें आहे. दाराला कुलूप आहे, खिडक्या लावलेल्या आहेत, आणि निजावयाच्या खोलींतील फळीवर गजराचें घड्याळ पहांटे साडेचारला वाजण्यास सज्ज आहे. असलें घड्याळ एका लहानशा सेलवर वर्षभर, कधीं त्याहूनहि अधिक चालतें. त्याच्या डोक्यावर हात ठेवणारें कोणी नसलें, म्हणजे तें वाजून वाजून थांबतें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां वाजतें. तबकडी बारा तासांची असल्यामुळें दुपारीं साडेचारलाहि वाजतें. भिंत सामाईक आहे. भिंतीच्या अलीकडे एक वृद्ध बाई आहे, आणि तिला मध्यरात्र उलटल्याखेरीज डोळा लागत नाहीं. घड्याळाच्या जागीं दुसरी वस्तुहि असूं शकेल. कोठें इन्व्हर्टर कुरकुरत असतो, कोठें चोराची सूचना देणारी घंटा मांजराच्या पावलानें जागी होते. धुराची सूचना देणारें यंत्र सेल संपत आला म्हणजे मिनिटामिनिटाला एकदां चिवचिवतें, आणि तो स्वर इतका उंच व इतका क्षणिक असतो कीं, तो कोणत्या दिशेनें आला हें दोन्ही कान लावूनहि कळत नाहीं.

या आवाजांचा त्रास त्यांच्या मोठेपणांत नसतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. रस्त्यावरून जाणारी वरात याच्या शंभरपट गोंगाट करते, परंतु ती निघून जाते. पुनःपुन्हां येणारा आवाज जेवढा वेळ वाजतो तेवढाच वेळ घेत नाहीं. दोन आवाजांमधली शांतताहि तो बळकावून बसतो. ती वृद्ध बाई साडेचारला जागी होते असें नव्हे. ती तीन वाजल्यापासून साडेचारची वाट पाहत असते. आपल्या कायद्याचें मोजमाप येथें अपुरें पडतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. पण ती ठराविक काळाच्या सरासरीवर मोजली जाते. क्षणभर वाजून थांबणारा आवाज सरासरींत विरून जातो. झोंप मात्र सरासरीनें मोडत नाहीं.

आवाजानें त्रासलेल्या विचारवंतांचीं उदाहरणें थोडीं नाहींत. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्याविषयीं त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे कीं, शेजारच्या कोंबड्याच्या आरवण्यानें त्याच्या चिंतनांत व्यत्यय येई; त्यानें तो कोंबडा विकत मागितला, शेजाऱ्यानें कोणत्याहि किंमतीला दिला नाहीं, आणि अखेर कांटनेंच बिऱ्हाड बदललें. पुढें १७८४ सालीं तुरुंगांतील कैद्यांच्या मोठ्या आवाजांतील भजनांविषयीं त्यानें नगराध्यक्षाला पत्र लिहिलें व खिडक्या लावून गायल्यानें त्यांच्या आत्म्याच्या उद्धारास कांहीं बाध येणार नाहीं, अशा आशयाची सूचना केली. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका हा एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत असे. तेथील आरडाओरडीचें वर्णन करून, मन शांत असेल तर बाहेरच्या गोंगाटाची बाधा होत नाहीं असें त्यानें एका पत्रांत मोठ्या विस्तारानें प्रतिपादिलें, आणि पत्राच्या शेवटीं आपण येथून जाणार असल्याचें कळविलें! परंतु या दोघांनाहि एक सोय होती. कोंबड्याचा मालक नकार देण्यापुरता तरी समोर होता. नगराध्यक्षाला पत्र पोंचत होतें. ज्याच्याशीं भांडतां येतें, तो निम्मा शेजारी तरी असतोच. बंद घराशीं भांडतां येत नाहीं.

आणि येथेंच क्रोधाची पंचाईत होते. पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञानें १९६२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असें दाखविलें आहे कीं, आपला रोष हा मुख्यतः इजेवर नसतो, तर त्या इजेमागें दिसणाऱ्या दुसऱ्याच्या वृत्तीवर असतो. कोणी चुकून पाय तुडविला आणि कोणी तिरस्कारानें तुडविला, तर वेदना तीच असूनहि मनांत उठणारा विकार निराळा असतो. आतां बंद घरांतील घड्याळामागें कोणती वृत्ति आहे? द्वेष नाहीं, उद्धटपणा नाहीं. घाईंत बॅगा भरतांना झालेला विसर आहे. पण रात्रीं जागणाऱ्या मनाला एवढ्यावर समाधान होत नाहीं. क्रोधाला लक्ष्य लागतें. तें मिळालें नाहीं, तर तो तें घडवितो. दहाव्या दिवसापर्यंत तो शेजारी ‘विसराळू’ असतो, विसाव्या दिवशीं ‘बेपर्वा’ होतो, आणि महिन्यानें ‘हीं माणसें पहिल्यापासून अशींच’ असा निकाल लागतो. पांच वर्षांपूर्वींचा पाण्याचा तंटा पुराव्यांत दाखल होतो. आरोपी हजर नाहीं, त्याचा वकील नाहीं, आणि फिर्यादीच न्यायाधीश आहे. यापेक्षां अन्यायाला सोयीचें न्यायालय दुसरें कोणतें असणार?

म्हणून त्रास सोसणाऱ्याचें पहिलें कर्तव्य अगदीं साधें आहे: ज्याला ठाऊक नाहीं त्याला ठाऊक करून देणें. आज पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला असलेल्या माणसाशीं क्षणांत बोलतां येतें, त्याचा नंबर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असतो. तरीहि लोक तीन-तीन आठवडे सोसतात, जिन्यांत एकमेकांपाशीं कुरकुरतात, पण त्याला कळवीत नाहींत. विचारलें तर ‘एवढ्याशा गोष्टीसाठीं काय सांगावयाचें’ असें उत्तर मिळतें. ही भीड सौजन्यासारखी दिसते. वस्तुतः तिच्यांत आपली तक्रार शिळी व कडू होईपर्यंत जपून ठेवण्याचें सुख लपलेलें असतें. ‘काका, तुमच्या घरांत घड्याळ वाजतें आहे, किल्ली कोणाकडे ठेवली आहे?’ एवढें एक वाक्य न बोलणारा मनुष्य पुढच्या जागरणांत स्वतःहि भागीदार होतो.

याचा अर्थ गेलेला शेजारी निर्दोष ठरला, असा मात्र नव्हे. ‘मी येथें नव्हतों, मला काय ठाऊक’ हा बचाव ऐकावयास बरा वाटला, तरी तो अर्धाच आहे. तो येथें नव्हता हें खरें. पण त्याचें कुलूप येथें होतें. तीन महिने कोणीं त्या दाराला हात लावला नाहीं, पहारेकऱ्यानें तेथें कोणाला रेंगाळूं दिलें नाहीं, घरावरील त्याचा हक्क शेजाऱ्यांनीं त्याच्या पाठीमागें बिनबोभाट मानला. हक्क जर मालकाच्या गैरहजेरींत जागा राहत असेल, तर कर्तव्यालाहि तेथें जागें राहिलें पाहिजे. एकाला ठेवून दुसऱ्याला बरोबर नेतां येणार नाहीं. विसर पडणें हा मोठा दोष नाहीं. पण आपल्याला विसर पडूं शकतो हें ठाऊक असून तो निस्तरण्याची कांहींच तजवीज मागें न ठेवणें, हा दोष आहे.

तर मग कुलूप तोडावें काय? या प्रश्नाचा विचार रोमन कायद्यानें फार बारकाईनें केला होता. अनुपस्थित माणसाचें काम त्यानें न सांगतां हातीं घेणाऱ्याला त्या कायद्यानें संरक्षण दिलें. कारण, उल्पियन या कायदेपंडितानें म्हटल्याप्रमाणें, त्यांत अनुपस्थितांचेंच मोठें हित असतें. शेजाऱ्याच्या कलत्या इमारतीला टेकू देणाऱ्याला खर्च मागतां येई. पुढें ती इमारत जळून गेली तरीहि येई. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचें ७० वें कलम याच जातीचें आहे: फुकट करण्याचा हेतु नसतांना, कायदेशीरपणें कोणीं दुसऱ्यासाठीं कांहीं केलें आणि त्यानें त्याचा लाभ घेतला, तर भरपाई देणें त्याला प्राप्त होतें. परंतु या सर्वांतील कसोटी एकच आहे. तें काम त्याच्यासाठीं केलेलें असलें पाहिजे. नळ फुटून त्याच्या घरांत पाणी भरत असेल, दाराखालून धूर येत असेल, तर दार उघडणें ही त्याचीच सेवा होय. माझी झोंप वांचविण्यासाठीं मी त्याचें दार फोडलें, तर त्या कृत्याला त्याच्या हिताचें नांव देतां येणार नाहीं.

दुसरी तुलना अधिक जवळची आहे. शेजारच्या झाडाची फांदी आपल्या अंगणांत आली, तर ती पूर्वसूचनेवांचूनहि छाटतां येते, मात्र पलीकडच्या जमिनींत पाऊल न टाकतां, असा निर्णय इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८९४ सालीं दिला. आवाज ही अशीच सीमा ओलांडून आलेली फांदी आहे. दुर्दैव एवढेंच कीं, ती आपल्या बाजूनें छाटतां येत नाहीं. तिचें मूळ त्याच्या निजावयाच्या खोलींत आहे, आणि त्या खोलींत त्याचे कागद आहेत, औषधें आहेत, देव आहेत. माणूस घरीं असतांना त्याचें घर पाहण्यांत जेवढी ढवळाढवळ आहे, त्याहून अधिक तो नसतांना पाहण्यांत आहे. कारण ‘हें असें कां’ याचें उत्तर देण्यास तो तेथें नसतो. म्हणून केवळ गैरसोय असेल तोंवर कळवावें, परवानगी मागावी, सोसावें. पलीकडे खरोखर रुग्णाच्या जिवाचा प्रश्न उभा राहिला आणि मालकाचा कोणताच पत्ता लागत नसेल, तरच चार साक्षीदार व पोलीस यांच्या देखत दार उघडावें, एका घड्याळाखेरीज कशालाहि हात लावूं नये, आणि नवीन कुलपाची किंमत आपण द्यावी. जो आपल्या गरजेसाठीं मर्यादा ओलांडतो, त्यानें तिची किंमतहि चुकती केली पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढ्याशा गोष्टीचा एवढा ऊहापोह कशाला? सामान्य समजुतीचा व स्वभावाचा मनुष्य जिची तक्रार करणार नाहीं अशी क्षुल्लक इजा हा गुन्हाच नव्हे, असें १८६० च्या दंडसंहितेच्या ९५ व्या कलमानें सांगितलें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तें ३३ वें कलम म्हणून कायम आहे. कायद्यानें क्षुल्लक गोष्टींत पडूं नये, हें योग्यच आहे. पण कायदा जेथून मागें फिरतो, तेथूनच नीतीचें काम सुरू होतें. शिवाय ही इजा एका झोंपेपुरती नसते. उगीच वाजणारी प्रत्येक घंटा शेजाऱ्यांच्या कानांना न ऐकण्याचें शिक्षण देते. आणि ज्या दिवशीं ती खऱ्या धुरासाठीं वाजेल, त्या दिवशीं कोणीहि उठणार नाहीं.

यावरचा उपाय आपल्या चाळींना व वाड्यांना ठाऊक होता. गांवाला जातांना किल्ली शेजारीं ठेवण्याची रीत होती. त्या किल्लीचा अर्थ ‘झाडांना पाणी घाला’ एवढाच नव्हता. ‘माझ्या पाठीमागें तुमचा कान तो माझा कान, तुमचा हात तो माझा हात’ असें तें संमतिपत्र होतें. इंग्लंडांत हीच गोष्ट २००५ सालीं पार्लमेंटला कायद्यानें करावी लागली. तेथें नगरपालिकेनें ठरविलेल्या भागांत, चोराची घंटा बसविणाऱ्यानें किल्ली बाळगणाऱ्या व्यक्तीचें नांव आधींच कळवावयाचें असतें. आणि घंटा सलग वीस मिनिटांहून अधिक किंवा थांबून थांबून तासाहून अधिक काळ वाजून त्रास देत असेल, तर अधिकाऱ्याला आंत जातां येतें, मात्र बळानें शिरावयाचें तर न्यायाधिकाऱ्याचें वॉरंट लागतें. जें काम चाळींत विश्वासानें होत होतें, त्यासाठीं तेथें कलमें लिहावीं लागलीं.

आपणहि आज किल्ल्या शेजारीं ठेवीनासे झालों आहों. याचा दोष सर्वस्वीं कोणाला द्यावा असें नाहीं. एकांताची आवड ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे, आणि चाळीचा शेजार जितका मायेचा तितकाच चौकसहि होता. पण एकांताची किंमत असते. ज्याला आपल्या दाराआड कोणी यावयास नको असेल, त्यानें निघण्यापूर्वीं घरांतील एकेक बोलकी वस्तु स्वतः मुकी करून जावें. आणि ज्याला तेवढी आठवण राहण्याची खात्री नसेल, त्यानें एका तरी माणसावर विश्वास टाकून किल्ली द्यावी. ज्याला ती मिळाली, त्यानें ती सत्ता न समजतां ठेव समजावी. आणि प्रवासाहून परतलेल्या शेजाऱ्याला त्या घड्याळाची हकीकत सांगावयाचीच झाली, तर तो चहा पिऊन स्थिरस्थावर झाल्यावर सांगावी. कारण तीन महिने जें न्यायालय आपल्या मनांत त्याच्यावांचून भरत होतें, त्यांत आपली बाजू मांडण्याची त्याची ही पहिलीच वेळ असते.