ओळख लपवणे चूक आहे का? हेन्रिएट डेलिलच्या निमित्ताने



या अंकासाठी एक प्रश्न घेऊन आलो आहे. तो मला माझ्या मुलीने विचारला. मागच्या वर्षी ऑफिसातल्या भारतीय मंडळींच्या एका पॉटलकला आम्ही गेलो होतो. गप्पा रंगल्या, आणि एकाने हसतहसत विचारले, "तुमचं आडनाव जरा वेगळं आहे. म्हणजे तुम्ही नेमके कोण?" या "नेमके कोण" चा अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मी म्हणालो, "आम्ही नागपूरकडचे," आणि ताट घेऊन दुसरीकडे सरकलो. परत येताना गाडीत चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "पप्पा, आपण बुद्धिस्ट आहोत हे तू सांगितलंच नाहीस."

मी तिला काहीतरी उत्तर दिले. कामाच्या ठिकाणचे संबंध असतात, प्रत्येक गोष्ट सगळ्यांना सांगायची नसते, वगैरे. तिने ऐकून घेतले. पटले नाही, हे आरशात दिसत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी कामानिमित्त न्यू ऑर्लिन्सला जाणे झाले. एका संध्याकाळी फ्रेंच क्वार्टर ओलांडून ट्रेमे नावाच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथे सेंट ऑगस्टीन हे १८४२ सालचे चर्च आहे. चर्चच्या बाजूला जाडजूड साखळदंडांचा एक क्रूस उभा आहे. ते अज्ञात गुलामांचे स्मारक. समोरच्या रस्त्याच्या पाटीवर नाव होते, हेन्रिएट डेलिल. कोण ही बाई, म्हणून हॉटेलवर येऊन वाचत बसलो, आणि मुलीचा प्रश्न दोनशे वर्षे मागे जाऊन पुन्हा समोर उभा राहिला.

हेन्रिएटचा जन्म १८१२ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. तिच्या आईकडची खापरपणजी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली स्त्री होती, असे घराण्याच्या हकिकतीत सांगतात. पिढ्यांमागून पिढ्या घराणे मुक्त झाले, रंगाने उजळ झाले, थोडी मालमत्ता आली. अशा लोकांना तिथे 'मुक्त वर्णीय' म्हणत. गोरे सर्वांत वर, गुलाम सर्वांत खाली आणि हे मध्ये. कोणाच्या अंगात गोऱ्यांचे रक्त किती, निम्मे की तीन चतुर्थांश, यावरून माणसांना वेगवेगळी नावे होती आणि समाजातली जागाही ठरलेली होती. बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कोणीतरी मिळते, म्हणून तो वरच्याविरुद्ध उठत नाही. न्यू ऑर्लिन्सची ही उतरंड वाचताना मला वेगळा शब्दकोश उघडावा लागला नाही.

लुइझियानाच्या कायद्याने गोरे आणि वर्णीय यांच्यातले लग्न निषिद्ध होते. तरीही श्रीमंत गोरे पुरुष मुक्त वर्णीय मुलींना लग्नाशिवाय ठेवत, घर देत, मुलांचा खर्च करत. हेन्रिएटची आई अशाच नात्यात होती, मोठी बहीणही. हेन्रिएटला फ्रेंच साहित्य, संगीत, नृत्य शिकवले गेले ते याच वाटेने जाण्यासाठी. अपमान होता, पण पोटाला तोशीस नव्हती. चर्चच्या दफननोंदींवरून असे दिसते की तरुणपणी तिला दोन मुलगे झाले आणि दोघेही लहानपणीच वारले. म्हणजे ही बाई जन्मापासून देव्हाऱ्यात बसलेली नव्हती. जगाचा अनुभव तिने घेतला होता.

पण तिच्या आयुष्यात आणखी एक दार लवकर उघडले होते. १८२३ मध्ये एका फ्रेंच जोगिणीने शहरात वर्णीय मुलींसाठी शाळा काढली. हेन्रिएट चौदाव्या वर्षापासून तिथे शिकवू लागली, असे सांगतात. दिवसा मुक्त वर्णीय मुली, संध्याकाळी गुलाम. १८३० मध्ये लुइझियानाने कायदा केला की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणाऱ्याला एक महिना ते एक वर्ष तुरुंगवास. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरबंदी होती, त्यांना या कायद्यामागची भीती ओळखीची वाटेल. हेन्रिएट आणि तिच्या मैत्रिणी गुलामांना तोंडी धर्मशिक्षण देत राहिल्या. त्या काळच्या नोंदवह्यांत गुलामांच्या बाप्तिस्म्याला आणि लग्नांना साक्षीदार, धर्ममाता म्हणून तिचे नाव आढळते.

त्याच १८३० मध्ये जनगणना झाली. हेन्रिएटच्या कुटुंबाची नोंद 'गोरे' अशी झाली. रंग उजळ असला की ते शक्य होते. तिच्या भावंडांनी ही नवी ओळख घट्ट धरली. हेन्रिएटने धरली नाही. ती स्वतःला वर्णीयच म्हणवत राहिली आणि भर रस्त्याने गुलामांच्या वस्तीत जात राहिली. भाऊ जाँ याची अडचण झाली. बहीण अशी उघडपणे वावरली तर आपले गोरेपण किती दिवस टिकणार? दोघांत दुरावा आला आणि तो कुटुंब घेऊन दूर दुसऱ्या परगण्यात राहायला गेला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण या गोष्टीत मी कोण, हे मला दिसले. मी जाँ होतो. हातात ताट घेऊन बाजूला सरकणारा.

आता जाँची बाजूही नीट मांडू या, कारण ती सोपी नाही. त्याला मुलांच्या डोक्यावरचे छप्पर सांभाळायचे होते. खरी ओळख सांगितल्याने हक्क जाणार असतील, तर न सांगणे हा खोटेपणा की स्वसंरक्षण? माणसाची जात विचारण्याचा अधिकारच मुळात कोणाला नाही. चोराला तिजोरी कुठे आहे ते सांगितले नाही म्हणून आपण खोटारडे ठरत नाही. मुसावादा वेरमणी हे शील घेतलेल्या माणसाने प्रत्येक उद्धट प्रश्नाला उत्तर द्यावे, असे मला वाटत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी भारतात भाड्याच्या खोलीसाठी आडनाव सांगायचे टाळले आहे. ज्याला खोली मिळवण्यासाठी कधी आडनाव गिळावे लागले नाही, त्याने त्यांना नावे ठेवू नयेत. शिवाय इथेही संरक्षण अजून अपुरे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसे विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले.

मग जाँचे चुकले कुठे? मला वाटते, त्याने ओळख लपवली एवढ्यात नव्हे. ती ओळख टिकवण्यासाठी त्याला बहिणीचे काम नकोसे झाले, तिथे त्याचे चुकले. लपण्याला एक किंमत असते आणि ती लपणारा एकटा भरत नाही. आधी एक प्रश्न टाळतो, मग १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे फोटो टाकणे टाळतो, मग नव्याने आलेल्या आपल्याच मुलाला नोकरीसाठी शिफारस देताना हात आखडतो, कारण लोक दोन आणि दोन चार करतील. असे करत करत माणूस अशा जागी पोचतो, जिथे त्याची सुरक्षितता आपल्याच माणसांपासून दूर राहण्यावर अवलंबून असते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी व्यथा व्यक्त केली, ती याच अंतराबद्दल होती, असे मी समजतो.

हेन्रिएटने ते अंतर मिटवले. १८३५ मध्ये आईचे मानसिक आजारपण बळावले, कोर्टाने मालमत्तेचा कारभार हेन्रिएटकडे दिला. आईची सोय लावून तिने उरलेले विकले आणि १८३६ मध्ये काही मैत्रिणींसह सेवेसाठी एक मंडळ काढले. १८४२ पासून ते 'सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली' या नावाने ओळखले जाते. ज्युलिएट गोदँ आणि जोसेफिन चार्ल्स या तिच्या सोबतिणी. त्यांनी निराधार वृद्धांना आपल्या घरात आणून सांभाळले, अनाथ मुली वाढवल्या, साथीच्या रोगांत शुश्रूषा केली. वर्णीय स्त्रिया म्हणून त्यांना जोगिणींचा वेष उघडपणे घालायलाही १८७२ उजाडले. तोवर हेन्रिएट जाऊन दहा वर्षे झाली होती. १८६२ मध्ये ती वारली तेव्हा मृत्युलेखात तिला गुलामांची सेविका म्हटले गेले.

आता एक अडचणीची गोष्ट, जी मला गाळता आली असती. हेन्रिएटच्या मालकीची एक गुलाम स्त्री होती. तिचे नाव बेट्सी. गुलामांची सेविका आणि गुलामाची मालकीण, एकच बाई. १८५७ मध्ये लुइझियानाने गुलामांची मुक्तता कायद्याने पूर्ण बंद केली, असे तिच्या बाजूने सांगता येते. पण त्याआधी मुक्तता अवघड असली तरी अशक्य नव्हती. मला यावर पांघरूण घालायचे नाही. श्रेणीबद्ध विषमता इतकी खोल असते की वरच्या पायरीचा मोह सोडणाऱ्या माणसालाही पायाखालची पायरी दिसत नाही.

म्हणून स्वतःला विचारू या, आपली बेट्सी कोण? मुलांची लग्ने जमवताना आपण अजून पोटजात विचारतो का? मातंग किंवा वाल्मीकी समाजातून आलेला उपासक आपल्या विहारात पदाधिकारी होतो का, की फक्त खुर्च्या मांडतो? गावाकडच्या आपल्या फ्लॅटमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. भगवंतांच्या संघात खालच्या पायरीकडे असे पाहिले गेले.

कोणी म्हणेल, ही ख्रिस्ती जोगीण, ईश्वरासाठी जगली, आपला तिच्याशी काय संबंध? तिचा ईश्वर आपल्याला नको. पण १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनीच सांगितले होते की भिक्खूंनी शिक्षण आणि वैद्यकीय सेवेची रीत ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून घ्यावी. आणि दया व मैत्री यांतला फरकही इथे दिसतो. दया वरून खाली वाकून देते. मैत्री शेजारी येऊन बसते. हेन्रिएटला गोऱ्यांच्या ओट्यावर उभे राहून दया करता आली असती. तिने तो ओटाच नाकारला.

तर माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. प्रत्येक पॉटलकमध्ये उभे राहून जाहीर करायलाच हवे असे नाही. पण ज्या शांततेमुळे आपल्या माणसाशी असलेले नाते तुटते, ती शांतता चूक. आणि घरातल्या मुलांना जी शांतता लाज शिकवते, ती तर नक्कीच चूक. त्या दिवशी माझी शांतता दुसऱ्या प्रकारची होती. हे मी मुलीला न्यू ऑर्लिन्सहून आल्यावर सांगितले. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी?"

पुढची वेळ या दिवाळीच्या सुमारास येईल. माझे उत्तर तयार आहे, जरी पोटात थोडा गोळा आहे. तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर तुम्ही काय केलेत, ते संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. माझ्यापेक्षा चांगले उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे तरी असेलच.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, नमो बुद्धाय!